आडबंधाचे दात

१

पत्र्यावर पहिला दगड पडला तेव्हा मातीबाई उंबऱ्यावर होत्या. दुसरा पडेपर्यंत त्या आत आल्या. आत व्हॉल्व्हमनची बायको पातेलं घासत बसली होती. तिनं मानसुद्धा वर केली नाही.

"शाळा सुटली वाटतं," ती म्हणाली. "आत्ता पोरं मारतात. मोठी माणसं कामावरून आल्यावर मारतात. बसा. त्या खुर्चीवर नको, वरच्या पत्र्याला भोक पडलंय."

मातीबाई जमिनीवरच बसल्या.

टेकडीवरच्या टाकीतून शहराला पाणी आणणारी मोठी लाइन गेल्या आठवड्यात भल्या सकाळी फुटली होती. पाण्याबरोबर टेकडीचा एक लचका सुटून खाली आला आणि वस्तीच्या टोकाचं घर, आतल्या माय-लेकरासकट, गाडून मोकळा झाला. व्हॉल्व्हमन सापडला वर, व्हॉल्व्हच्या चेंबरमध्ये, चिखलात गळ्यापर्यंत बुडालेला, दोन्ही हात चाकावर. व्हॉल्व्ह अर्धा उघडा होता. पाणीपुरवठ्याच्या ऑफिसनं जेवणाच्या सुट्टीआधीच निकाल लावून टाकला: व्हॉल्व्हमननं घाईघाईत, झटक्यात पाणी सोडलं, आत पाण्याचा तडाखा बसला आणि पाइप फुटला. मेलेला माणूस उलट उत्तर देत नाही, ही ऑफिसची मोठीच सोय झाली.

चौकशी समितीनं मातीबाईंना पाठवलं होतं. जमिनीत पुरलेले पाइप आणि त्यांच्याभोवतीची माती हा त्यांचा विषय. आधी कॉलेजात तो शिकवला, मग अशाच पडझडी तपासता तपासता केस पिकले. अख्खा धंदा त्यांना मातीबाई म्हणे. आवाज मऊ, चालणं हळू. राग आला की माणसांचा आवाज चढतो. बाईंचा उतरत असे. त्यांच्या विद्यार्थ्यांना हे पक्कं ठाऊक होतं. बाई कुजबुजायला लागल्या की मागच्या बाकापर्यंत सगळे सरळ बसायचे.

"तुमचे मालक पाणी कसं सोडायचे?" त्यांनी विचारलं.

"बाळाला पाळण्यातून उचलावं तसं. मी एकदा म्हटलं, अहो, एवढा वेळ लागतो का एक चाक फिरवायला? तर म्हणाले, पाणी झोपेत असतं गं, त्याला दचकवायचं नसतं." तिनं पातेलं उपडं घातलं. "त्या दिवशी पाणी सोडून ते घरी आले होते. चहा झाला होता. मग वर धडाडकन आवाज झाला, तसे पळत सुटले. पण हे सांगणार कोणाला? ऑफिसातले म्हणतात, बायको दुसरं काय सांगणार!"

तिसरा दगड पडला. कोपऱ्यात पुस्तक घेऊन बसलेली मुलगी दचकलीसुद्धा नाही. मातीबाईंना त्याचंच जास्त वाईट वाटलं.

"हिची शाळा बंद आहे," आई म्हणाली. "वर्गात हिला खुन्याची पोर म्हणतात. बाई, मी माणूस परत मागत नाही. त्यांच्यावरचा डाग तेवढा काढून द्या. आणि खरंच त्यांनी केलं असेल, तर तसं तोंडावर सांगा. मी उद्याच्या उद्या इथून उठते."

बाहेर खुंटीला बांधलेली शेळी ओरडली. बरगड्या मोजून घ्याव्यात अशी झाली होती.

"तिचेही हाल," व्हॉल्व्हमनची बायको म्हणाली. "वर जायला बंदी. एरवी मजेत चरायची बया. टेकडीवर पाइप पुरलाय ना, त्या रेघेवर सदा हिरवंगार. डोंगराला भांग पाडावा तसं. हे म्हणायचे, बघ, देवानं आपल्या शेळीपुरतं राखून ठेवलंय. उन्हाळ्यात सगळी टेकडी करपायची, पण तेवढा पट्टा हिरवा."

मातीबाईंचा हात पदराच्या टोकावर थांबला.

"उन्हाळ्यातसुद्धा?" त्यांनी विचारलं. इतक्या हळू, की ऐकायला मुलीनं पुस्तक खाली ठेवलं.

२

टेकडीवर त्यांची वाट पाहत टिपटॉप उभा होता. लाइनच्या कामावर देखरेख करणारा इंजिनियर. हे नाव त्याला कॉलेजातच पडलं होतं आणि आजही चपखल बसत होतं: कडक इस्त्रीचा शर्ट, बुटांना धुळीचा कण नाही. बाईंच्या वर्गातला एके काळचा सगळ्यात हुशार मुलगा.

"बाई, तुम्ही कशाला चढलात? फोटो पाठवले असते."

"फोटोला वास येत नाही रे," मातीबाई म्हणाल्या. चराच्या काठावर त्यांनी चपला काढून ठेवल्या. मातीत उतरताना त्या नेहमीच अनवाणी उतरत. ओल तळपायाला आधी कळते, असं त्या सांगत. मनात आणखीही काही असे, ते सांगत नसत.

"तुम्ही फोनवर म्हणालात तसं, पाइप फुटला त्या वळणाच्या वरचा चर उघडून ठेवलाय. दुसऱ्या कोणाला बोललोसुद्धा नाही, कोणी हात लावायला नको म्हणून. बघा, दोन्ही आडबंध जागच्या जागी."

आडबंध म्हणजे चराला आडवी घातलेली पोत्यांची भिंत. उतारावर पाइप पुरताना त्याच्याखाली वाळूची गादी घालतात, दगड टोचू नयेत म्हणून. पण घट्ट मातीत वाळूचा पट्टा म्हणजे पाण्याला आयती वाट. मुरलेलं पाणी त्यातून पळतं, जाताना वाळू घेऊन जातं, आणि मग पाइप पोटाखाली आधार नसल्यानं वाकतो, सांध्यात तडकतो. म्हणून मध्ये मध्ये आडबंध घालून पाणी अडवायचं. आडबंध नसतील तर दोष बांधणाऱ्यांचा. आडबंध असतील तर जमीन निर्दोष, आणि मग उरला तो चाकावर हात ठेवून मेलेला माणूस.

आणि आडबंध तर समोर होते.

मातीबाईंनी पोत्यांवरून हात फिरवला. काम देखणं होतं. दोन्ही कडांना पोती चराच्या भिंतीत हातभर आत घुसवलेली, पायरीपायरीनं, एक पोतं आत, एक बाहेर. 'आडबंधाला दात हवेत,' असं त्या वर्गात सांगायच्या. 'त्यानं दोन्ही कडांना चावा घेतला पाहिजे, नाहीतर पाणी बगलेतून निघून जातं.' फळ्यावर त्या काढायच्या ते चित्रच कोणीतरी इथं आणून उभं केलं होतं.

"छान बांधलंय. कोणी?"

"ठेकेदाराच्या माणसांनी. मी स्वतः उभं राहून करून घेतलं होतं, बाई. लाइन टाकली तेव्हा."

तेवढ्यात फोन वाजला. पाणीपुरवठ्याचे मोठे साहेब होते. "काय बाई, बंध दिसले ना? मग मिटलं. व्हॉल्व्हमन! शहर तहानलंय, लवकर कागद करून टाका."

मातीबाईंनी फोन ठेवला आणि खाली सुकत चाललेल्या हिरव्या पट्ट्याकडे पाहिलं. आडबंधांनी पाणी अडवलं असतं तर गवत बंधापाशी थबकून पुंजक्या-पुंजक्यांनी उगवलं असतं. हा पट्टा वरपासून खालपर्यंत सलग होता, आखल्यासारखा. सगळं काही जागच्या जागी होतं. शेळीचं गवत तेवढं बसत नव्हतं.

३

ठेकेदार टेकडीच्या पलीकडच्या अंगाला, रस्त्याकडेच्या उतारावर भेटला. पोट पुढे, हसणं त्याच्याही पुढे.

"या, या बाई! आम्हाला फासावर द्यायला आलात?"

"अजून ठरलं नाही. हा उतारही तुमचाच ना? इथला एक आडबंध उघडून दाखवता?"

"एक काय, सगळे दाखवतो. इथं साहेबलोक गाडीतून बघत जातात, त्यामुळे काम एकदम चोख!"

मशीननं माती बाजूला केली. पोती निघाली. जुनी, काळवंडलेली, पाइपच्या डांबरी वेष्टणावर ठसा उमटवून बसलेली. काही पाइपच्या पोटाखाली, काही पाठीवर. पण चराच्या कडेला येऊन ती गप थांबली होती. भिंतीत एक बोटभरही शिरली नव्हती.

"याला दात नाहीत," मातीबाई म्हणाल्या.

"आँ? दात?" ठेकेदारानं आपल्या माणसांकडे पाहिलं, माणसांनी त्याच्याकडे. "बाई, मी ठेकेदार आहे, दातांचा डॉक्टर नाही! आम्ही पोती टाकतो. एकावर एक. झालं."

"वळणाच्या वर मात्र दात आहेत."

त्याचं हसू जागच्या जागी आटलं. "तिकडचं... तिकडचं मी कसं सांगू?"

"तुमच्याच माणसांनी केलं म्हणे."

"कोण म्हणे?" तो चिडला. "त्या बाजूला खडी चढण. पोती पाठीवर वाहायची. मुकादम म्हणाला, देखरेखीचा साहेब बघायलाच येत नाही तर..." आणि जीभ चावून तो थांबला.

"म्हणजे घातलेच नाहीत?"

"मी असं म्हटलं नाही. मशीन मागितलं, मी मशीन दिलं, डिझेल दिलं, विचारलं काही नाही. माझ्या तोंडी दुसरं काही घालू नका."

"मशीन? कधी?"

पण ठेकेदार गाडीत बसला होता.

४

दात घालणारं कोण? बाईंची शिकवण ज्याच्या हातात मुरली आहे असं कोणीतरी. या कामावर तशी दोन माणसं होती. एक टिपटॉप, आणि दुसरी लाइनचे नकाशे काढणारी इंजिनियर. तीही त्यांचीच विद्यार्थिनी. नकाशात आडबंध घालायलाच ती विसरली असेल, तर गुपचूप पोती भरण्याचं कारण तिच्याकडेही होतं.

तिचं टेबल ऑफिसच्या जिन्याखाली होतं. बाईंना पाहून ती उठली नाही, रागानं लालच झाली.

"तुम्हालाही वाटतं मी विसरले? बघा!" तिनं नकाशा उलगडला. आडबंध होते. चढ वाढेल तसे जवळजवळ आणलेले, नीट विचार करून. "तुम्हीच सांगायचात, बाई, पाइपच्या पोटाखाली पोतं नसेल तर त्याला भिंत म्हणत नाहीत, पडदा म्हणतात. मी पोटाखालूनच काढलेत. बांधले का ते बघायला मी किती वेळा टेकडी चढते म्हटलं! मोठे साहेब म्हणाले, तू नकाशे बघ, चढायला माणूस ठेवलाय."

"मी तपासणीसाठी चर कुठं उघडायला सांगितला, माहीत आहे तुला?"

"मला कोण सांगतं काही? पेपरात वाचेन."

मातीबाई जिन्याखालून बाहेर आल्या. मनात एक नाव उरलं होतं आणि ते त्यांना नको होतं. माणूस किती दिवस स्वतःच्या चांगल्या विद्यार्थ्याचा अभिमान जपतो! त्यांनी पावलं पुन्हा टेकडीकडे वळवली. निदान हात घालून पाहिल्याशिवाय त्यांना काही मानायचं नव्हतं.

५

चरात त्या पालथ्या झोपल्या. गाल मातीला टेकवून एक हात देखण्या आडबंधाच्या पायथ्याशी, पाइपच्या पोटाखाली सारला. पोतं लागायला हवं होतं.

हात आत गेला. कोपरापर्यंत गेला. खांद्यापर्यंत गेला. कुठंच काही लागलं नाही. गादीची वाळू केव्हाच वाहून गेली होती, तिथं पोकळी होती. पाण्यानं आपल्या हातानं खोदलेलं लांबच लांब बीळ. वर पडदा, खाली उघडं दार. पाइप जमिनीत आहे तसा ठेवून पोती घालायची तर ती पाठीवर आणि कडांना घालता येतात, पोटाखाली नाही.

हात बाहेर काढताना बोटांना केस लागल्यासारखं वाटलं. मुळं होती ती. काठावरच्या झुडपांची मुळं पाण्याच्या वासानं चरात उतरली होती आणि पाइपच्या अंगाअंगानं, वेणी सोडल्यासारखी, उताराच्या दिशेनं गेली होती. पोत्यांपाशी येऊन ती तुटत होती. बाई उठून भिंतीच्या पलीकडच्या बाजूला गेल्या. तिथं तीच मुळं पुन्हा सुरू होत होती. कापलेली टोकं अजून पांढरी, ओली.

मूळ भिंतीतून पलीकडे उडी मारत नाही. आधी मुळं होती. भिंत नंतर आली, आणि येताना फावड्यानं त्यांना चिरत आली.

चपला हातात घेऊन बाई वर चेंबरकडे गेल्या. कारण एवढ्यानं ऑफिस खोटं ठरत होतं, व्हॉल्व्हमन खरा ठरत नव्हता. जमीन पोकळ होती हे कबूल, पण त्याच जमिनीवर त्यानं झटका दिला नाही कशावरून?

व्हॉल्व्हचा गज उघडताना चाकातून वर येतो, बंद करताना खाली जातो. फिटरला बोलावून त्यांनी चाक उतरवलं आणि मधला पितळी नट उघडला. व्हॉल्व्हमननं ग्रीस इतकं नेटकं भरलेलं असे की फिटरला त्याचं कौतुक. आज आट्याआट्यांत ग्रीस नव्हतं. ग्रीस आणि लाल चिखल एकत्र वाटून झालेला घट्ट लगदा होता, अगदी खालच्या आट्यापर्यंत. आणि पितळेवर वाळूच्या कणांनी गोल गोल फिरत ओरखडे काढले होते.

"वरून पडलेला चिखल असा आत जाईल का?" बाईंनी विचारलं.

"वाटला कसा जाईल, बाई?" फिटर म्हणाला. "यासाठी चाक फिरवावं लागतं."

मातीबाई चेंबरच्या काठावर बसून राहिल्या. खाली वस्ती दिसत होती. एक घर नव्हतं. बाकीची सगळी होती.

६

"मिटवू ना चार भिंतींत!" मोठे साहेब म्हणाले. टेबलाच्या एका बाजूला ठेकेदार, दुसऱ्या बाजूला टिपटॉप. "माणसं आपलीच आहेत."

मातीबाईंनी कापलेली मुळं टेबलाच्या काचेवर ठेवली. शेजारी पितळी नट. मग बोलायला लागल्या. आवाज इतका खाली उतरला होता की एसी बंद करावा लागला.

"खड्या चढणीवर यांनी आडबंध घातलेच नाहीत. देखरेख करणारा गाडीतून उतरला नाही, आणि बंध आहेत म्हणून त्यानं सही केली. पाणी चरातून पळत राहिलं. वरचं गवत हिरवं राहिलं. गादी वाहून गेली, पाइप अधांतरी आला आणि एका सकाळी सांध्यात तुटला. त्यानंतर कोणीतरी पोती घातली. ठेकेदारांच्या माणसांनी नाही. त्यांना दात माहीतच नाहीत. दात मी शिकवते. माझे विद्यार्थी दोन. चर कुठं उघडायचा ते मी एकालाच फोनवर सांगितलं होतं. त्यानंच यांच्याकडून मशीन नेलं."

ठेकेदारानं छताकडे पाहिलं.

"बाई," टिपटॉप म्हणाला, "घातले ना शेवटी? पुढचा धोका तर टळला?"

"पोटाखाली काय आहे?"

तो शर्टाची बाही नीट करू लागला.

"पोकळी आहे. तुला माहीत होतं. तरी दात घातलेस. इतक्या घाईतही दात घातलेस, बाळा, कारण वाईट बांधायला तुझा हात वळेना. तो हात मी घडवलाय." त्यांनी नट पुढे सरकवला. "आणि हे त्याचं उत्तर, ज्याच्या नावावर तू हे सगळं ढकललंस. तुमचं म्हणणं, तो व्हॉल्व्ह उघडत होता, म्हणून पाइप फुटला, मग चिखल आला. तसं असतं तर हे आटे स्वच्छ असते. पाइप फुटल्यावर चिखलाचा फवारा चेंबरवर पडला, आणि त्या चिखलासकट चाक फिरलं. फुटलेल्या लाइनचा व्हॉल्व्ह कोणी उघडतं का? तो घरून पळत गेला आणि बंद करत होता. वरून टेकडी अंगावर येताना दिसत असणार त्याला. अर्धं पाणी त्यानं अडवलं. पूर्ण आलं असतं तर खाली वस्ती उरली नसती."



मोठ्या साहेबांनी घसा खाकरला. "दुर्दैवी आहे. पण बाई, तो तर गेलाच. गेलेल्याला काय फरक पडतो? कागदावर आपण निसर्गाचा कोप असं काहीतरी..."

"त्याच्या पत्र्यावर रोज दगड पडतात," मातीबाई कुजबुजल्या. "अहवाल मी येतानाच समितीला दिलाय. तुमच्या तिघांचं काय करायचं ते समिती बघेल. पण अहवाल वाचून कोणी हातातला दगड खाली ठेवत नाही." त्यांनी टिपटॉपकडे पाहिलं. "ऊठ."

तो वर्गात उठायचा तसाच उठला.

७

शाळा सुटायची वेळ होती. पोरं जमली होती, कामावरून परतणारे बापे जमत होते. इस्त्रीचा शर्ट बघून सगळेच थबकले. व्हॉल्व्हमनची बायको दारात आली. मुलगी तिच्या पाठीशी.

टिपटॉपनं खाली पाहिलं. त्याच्या बुटांना आज प्रथमच माती होती.

"ताई," तो म्हणाला, "तुमच्या मिस्टरांची चूक नव्हती. बंध आम्ही घातले नव्हते. मी बघितलं नाही आणि सही केली. ते... ते पाणी बंद करत होते."

ती त्याच्याकडे बघत राहिली. चेहऱ्यावर रडू नव्हतं. आठवडाभराचे दगड होते.

"एवढ्या हळू?" ती म्हणाली. "खुनी म्हणताना ऑफिसनं गाडीवर भोंगा लावला होता. मोठ्यानं बोला. पार खालच्या घरापर्यंत गेलं पाहिजे."

त्यानं मदतीसाठी मातीबाईंकडे पाहिलं. त्यांनी मान वळवली.

मग तो ओरडला. आवाज फाटला, पण एकेक वाक्य ओरडून सांगितलं: बंध नव्हते, मी बघितलं नाही, यांनी वस्ती वाचवली. टेकडीवर आपटून ते परत आलं. गर्दीत कोणीतरी हात पाठीमागे लपवला.

त्यानं श्वास घेतला आणि रुमाल काढला.

"परत," ती म्हणाली.